तुमचं ज्ञान तालुक्यापर्यंत येऊ द्या : मेंदूविकारतज्ज्ञांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व मेंदूविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी

सन्माननीय डॉक्टर मंडळी,



मी पूर्व विदर्भातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. शिक्षण एमबीबीएस. फिट येणारा, अंगावरून वारं गेलेला, हात थरथरणारा, घरच्यांची नावं विसरू लागलेला माणूस आमच्या भागात सगळ्यात आधी आमच्या ओपीडीत येतो. आम्ही त्याला चिठ्ठी देऊन तुमच्याकडे पाठवतो. तुमच्याकडून निघाला की तो पुन्हा आमच्याच गावी येतो. त्यानंतर त्याचं काय होतं, हे तुमच्या केबिनपर्यंत सहसा पोहोचत नाही. ते सांगावं म्हणून हे पत्र. तुमच्याबद्दल आदर आहे आणि तक्रारीही आहेत. दोन्ही मनापासून लिहिते.

हे पत्र सरकारला लिहा, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. सरकारशी आमचा पत्रव्यवहार चालूच असतो. पण मेंदूच्या आजारांच्या बाबतीत सरकार शेवटी तुम्हालाच विचारतं. सल्लागार समित्यांवर तुम्ही असता, प्रशिक्षणात काय शिकवायचं ते तुम्ही ठरवता. साध्या एमबीबीएस डॉक्टरने फिटची गोळी सुरू करावी की नाही, यावर तुमचा शब्द अखेरचा मानला जातो. म्हणून गाऱ्हाणं तुमच्याकडेच आणलं आहे.

आजारांचा पसारा केवढा आहे हे तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात मांडते. २०२१ साली जगातल्या ३४० कोटी लोकांना, म्हणजे ४३ टक्के लोकसंख्येला, मज्जासंस्थेचा कोणता ना कोणता विकार होता, असं २०२४ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासातून पुढे आलं. अर्धशिशी, पक्षाघात, स्मृतिभ्रंश, मधुमेहाने नसांना होणारी इजा हे सगळं त्यात धरलेलं आहे. माणसाच्या आयुष्यातली निरोगी वर्षं हिरावून घेण्यात हा गट हृदयविकारांच्याही पुढे गेला आहे. या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२५च्या अहवालानुसार दरवर्षी १ कोटी १० लाखांहून अधिक माणसं यात दगावतात, आणि सगळ्यात गरीब देशांत दर लाख लोकांमागे न्यूरॉलॉजिस्टांचं प्रमाण श्रीमंत देशांपेक्षा ८२ पटींपर्यंत कमी आहे.

भारत काही सगळ्यात गरीब देशांत मोडत नाही. पण मुंबई, पुणे, नागपूर सोडून आत निघालं की जगाच्या नकाशावर दिसणारी ही दरी आपल्याच राज्यात दिसू लागते. देशात तुम्ही काही हजारच आहात आणि त्यातले बहुतेक मोठ्या शहरांत. एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी आणि आणखी तीन वर्षं डीएम केल्यावर एक न्यूरॉलॉजिस्ट तयार होतो. लोकसंख्येला पुरतील इतके तज्ज्ञ घडायला एक पिढी जाईल. तुमचं ज्ञान मात्र पुढच्या महिन्यात तालुक्याला येऊ शकतं. ते येत नाही, हे माझ्या सगळ्या तक्रारींचं मूळ आहे.

पहिली तक्रार परतीच्या चिठ्ठीची.

आम्ही रुग्ण पाठवतो तेव्हा चिठ्ठीवर त्याची हकीकत लिहितो. उत्तर येत नाही. मुलाला फिट येणाऱ्या एका शेतमजूर बाईंची पिशवी मला आजही जशीच्या तशी आठवते. साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात एमआरआयच्या फिल्मचं मोठं पाकीट, घडी घालून घालून मऊ पडलेले ईईजीचे कागद आणि एका खासगी रुग्णालयाचं प्रिस्क्रिप्शन. त्यावर तीन कंपन्यांच्या ब्रँडची तीन नावं, खाली इंग्रजीत तीन महिन्यांनी परत येण्याची सूचना. निदान कुठेही लिहिलेलं नव्हतं. तीनपैकी दोन गोळ्या फिटच्या होत्या आणि एक जीवनसत्त्वाची. पैसे संपले तेव्हा त्या माउलीने त्यातल्या त्यात स्वस्त गोळी चालू ठेवली आणि महागड्या दोन बंद केल्या. स्वस्त गोळी जीवनसत्त्वाची होती. मुलगा आमच्याकडे आला तो एकामागून एक झटके घेतच. मिडाझोलम देऊन झटके थांबवले, ऑक्सिजन लावला आणि १०८वर घालून पुढे पाठवला. पोरगा वाचला.

त्या बाईंचं काय चुकलं? कोणती गोळी कशासाठी आहे आणि कोणती एक दिवसही चुकवायची नाही, हे कुणी मराठीत सांगितलं नव्हतं. मलाही कुणी कळवलं नव्हतं. निदान, औषधाचं मूळ नाव, मात्रा, पुढे मात्रा कशी वाढवायची आणि कोणती लक्षणं दिसली तर परत पाठवायचं, अशा पाच ओळी त्या कागदावर असत्या, तर पुढचे तीन महिने मी त्या मुलाला सांभाळलं असतं.

दुसरी तक्रार औषधांची.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यातले जवळजवळ ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान आणि औषध मिळालं तर १०० पैकी ७० जण झटक्यांशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि गरीब देशांतल्या चारपैकी तीन रुग्णांना उपचार मिळत नाहीत, हेही तीच सांगते. ही औषधं काही नवी नाहीत. फेनोबार्बिटोन १९१२पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८पासून. कार्बामाझेपिन आणि व्हॅल्प्रोएटही जुनी झाली. चारही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

तुमच्या प्रिस्क्रिप्शनवर मात्र नव्या पिढीची, महाग ब्रँडची औषधं असतात. त्यांचे दुष्परिणाम कमी असतात, हे मला मान्य आहे. फेनोबार्बिटोनने गुंगी येते, मुलांच्या वागण्यावर आणि अभ्यासावर परिणाम होतो, हेही मान्य आहे. पण महिनाभर घेऊन दुसऱ्या महिन्यात परवडत नाही म्हणून सोडलेलं उत्तम औषध हे रोज घेतलेल्या साध्या औषधापेक्षा धोक्याचं असतं. फिटची गोळी अचानक बंद झाली तर काय होतं ते आम्ही रात्री-अपरात्री बघतो. लिहिण्याआधी रुग्णाला एवढंच विचारा : तुमच्या सरकारी दवाखान्यात कोणती गोळी मिळते? तिथे मिळणाऱ्या औषधावर भागण्यासारखं असेल तर ते लिहा. भागण्यासारखं नसेल तर मूळ नावाने लिहा, म्हणजे आम्ही त्याला जेनेरिक शोधून देऊ. फेनोबार्बिटोन अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत असल्याने नोंदवह्यांच्या कटकटीपायी कितीतरी केमिस्ट ते ठेवतच नाहीत. ही अडचण सोडवायला आमचा आवाज अपुरा आहे, तुमच्या संघटनांचा पुरेसा आहे.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे. फिटच्या रुग्णावर उपचार सुरू करायचा विश्वास तुम्ही आमच्यावर टाकत नाही.

अपस्माराचं निदान मुख्यतः हकिकतीवरून होतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. झटका कसा सुरू झाला, मान कुठे वळली, तोंडातून फेस आला का, जीभ चावली का, कपड्यात लघवी झाली का, नंतर किती वेळ गुंगी होती, हे प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला विचारायचं. आज तर गावातल्या प्रत्येक घरात मोबाइल आहे. झटक्याचा व्हिडिओ काढून आणा असं सांगितलं की पुढच्या वेळी लोक आणतात, आणि निम्मी शंका तिथेच फिटते. साधी चक्कर कोणती, मानसिक ताणातून येणारा झटका कोणता आणि खरी फिट कोणती, हे ओळखायचे धडे तुमच्याकडून मिळाले तर बहुतेक रुग्णांचे उपचार आमच्याकडेच सुरू होऊ शकतात. आज प्रत्येकाला आधी ईईजी आणि एमआरआयसाठी शहरात जावं लागतं. त्या खर्चाच्या आणि मजुरी बुडण्याच्या धाकाने कितीतरी जण जातच नाहीत.

हे मी हवेत बोलत नाही. चीनच्या ग्रामीण भागात २००० ते २००४ या काळात जागतिक आरोग्य संघटना आणि अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी एक प्रकल्प राबवला. गावपातळीवरच्या डॉक्टरांना थोडं प्रशिक्षण दिलं आणि त्यांच्या हाती फेनोबार्बिटोन दिलं. २,४५५ रुग्णांवर उपचार झाले. ज्यांनी वर्षभर औषध घेतलं त्यांच्यापैकी ६८ टक्के लोकांचे झटके निम्म्याहून खाली आले आणि एक तृतीयांश लोकांचे पूर्ण थांबले. आपल्याच देशात, कर्नाटकातल्या येळंदूर भागात डॉ. के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात गावातच फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन देऊन हे होतं असं दाखवून दिलं. पुढे घाना, मोझांबिक, म्यानमार आणि व्हिएतनाममध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच वाटेने काम केलं. अलीकडे निम्हान्सच्या मदतीने कर्नाटक सरकारने जिल्हा रुग्णालयांत मेंदू आरोग्य क्लिनिकं उभी करून तिथल्या डॉक्टरांना शिकवायला घेतलं आहे. आपल्या राज्यातही एपिलेप्सी फाउंडेशनने राष्ट्रीय आरोग्य अभियानाबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरं घेतली आहेत, त्यासाठी त्या डॉक्टरांचे आभार मानायला हवेत. पण शिबिराचे तंबू उठल्यावर गोळ्यांचा पुढचा महिना कोण बघणार? तो बघणारे आम्ही आहोत. मग आम्हाला तयार करा.

चौथी तक्रार पक्षाघाताची.

गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत सर्च संस्थेने मृत्यूंचा अभ्यास केला. तुमच्यातलेच एक, न्यूरॉलॉजिस्ट डॉ. योगेश्वर काळकोंडे, त्या कामाचे प्रमुख होते. २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. तिथल्या सातपैकी एक मृत्यू पक्षाघाताने झाला होता आणि इतर कोणत्याही कारणापेक्षा हे प्रमाण जास्त होतं. पक्षाघाताने गेलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के माणसं घरीच गेली होती. गडचिरोली म्हटलं की लोकांना मलेरिया आठवतो, कुपोषण आठवतं. तिथला पहिल्या क्रमांकाचा मारेकरी मेंदूचा झटका निघाला.

रक्ताची गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात साडेचार तासांच्या आत इंजेक्शन दिलं तर गुठळी विरघळून माणूस उठून चालू शकतो. त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. हे साडेचार तास आमच्याकडे कसे जातात ते सांगते. सकाळी उठल्यावर आजोबांचं तोंड वाकडं दिसतं. घरचे म्हणतात, वारं गेलंय. कोमट तेलाने मालिश होते. मग लकव्याचा पाला देणाऱ्याकडे नेतात. आमच्याकडे आणतात तोवर दुपार झालेली असते. मी रक्तदाब आणि साखर तपासते, गाडी बोलावते. पण गाडी कुठे पाठवायची? कोणत्या रुग्णालयात या क्षणी सीटी मशीन चालू आहे, इंजेक्शन शिल्लक आहे आणि ते द्यायला कुणी तयार आहे, याची यादी माझ्याकडे नाही. जिल्हा रुग्णालयात सीटी होतो, पण फिजिशियन इंजेक्शन द्यायला धजत नाही, कारण त्याच्या पाठीशी न्यूरॉलॉजिस्ट नाही. रक्तस्राव झाला तर जबाबदारी कोणाची, या भीतीने तो पुढे पाठवतो. पुढे पोहोचेपर्यंत वेळ संपलेली असते.

हिमाचल प्रदेशसारख्या डोंगराळ राज्याने या अडचणीवर २०१४पासून उपाय केला आहे. सीटी मशीन असलेल्या जिल्हा रुग्णालयांतल्या फिजिशियनना प्रशिक्षण दिलं, इंजेक्शन सरकारने मोफत पुरवलं, आणि स्कॅनचे फोटो मोबाइलवर बघून सल्ला द्यायला न्यूरॉलॉजिस्ट फोनच्या दुसऱ्या टोकाला बसले. दिल्लीच्या एम्सच्या न्यूरॉलॉजिस्टांनी यात हात दिला. त्यासाठी कुणाला गावात मुक्काम करावा लागला नाही. फोन उचलावा लागला. आपल्या विभागातले दहा-बारा न्यूरॉलॉजिस्ट पाळीपाळीने असा फोन उचलू लागले, तर आमच्या जिल्ह्यांत पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळणाऱ्यांची संख्या घटेल, यात मला शंका नाही.

इंजेक्शनच्याही आधीचं काम रक्तदाबाचं. पक्षाघाताचं सगळ्यात मोठं कारण वाढलेला रक्तदाब, आणि तो तपासायला आशाताई व आरोग्यसेविका घरोघरी जातात. त्यांच्या प्रशिक्षणात तुम्ही एकदा तरी येऊन उभे राहिलात, तर त्या कामाचं मोल त्यांना आणि गावालाही कळेल.

पाचवी तक्रार रुग्णाशी बोलण्याची.

लोक मांत्रिकाकडे का जातात, यावर तुमच्या परिषदांमध्ये अंधश्रद्धेचं कारण सांगितलं जातं. आमच्या ओपीडीत बसून मला वेगळं दिसतं. मांत्रिक जवळ असतो, ओळखीचा असतो आणि घटकाभर बसून बोलतो. तुमच्याकडे दोन दिवसांचा प्रवास आणि मजुरी घालवून गेलेल्या माणसाला दोन मिनिटं मिळतात. त्यात गोळ्या लिहून होतात. आजाराला नाव मिळत नाही. हा आजार संसर्गाने पसरत नाही, कुणाच्या पापाचं फळ नाही, झटका आला की कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, हे सांगायला पाच मिनिटं लागतात. चुलीपाशी एकटीने बसू नका, एकट्याने विहिरीवर किंवा तळ्यावर जाऊ नका, हे सांगायला अर्धं मिनिट. फिट येऊन चुलीत पडलेल्या बायकांच्या जखमांचं ड्रेसिंग आम्ही करतो, म्हणून हे अर्धं मिनिट मागते आहे.

बायकांचं दुःख आणखी खोल आहे. माझ्या एका रुग्ण मुलीने सासरी तांदळाच्या डब्यात गोळ्या लपवून ठेवल्या होत्या. डबा सासूने उघडला त्या दिवशी गोळ्याही गेल्या आणि पोरगीही माहेरी आली. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे लग्न रद्द करण्याचं एक कारण होतं. १९९९च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं. पाव शतक उलटलं तरी ही गोष्ट गावात पोहोचलेली नाही, कारण ती सांगणारं कुणी नाही. पुण्यात संवेदना फाउंडेशन अपस्मार असलेल्या मुलामुलींसाठी आधारगट चालवते, लग्नं जुळवायला मदत करते. तसं काम नागपूर, अमरावती, नांदेडला का उभं राहू नये? लग्नाच्या वयाच्या मुलीला व्हॅल्प्रोएट लिहिताना गर्भाला होणारा धोका आणि पर्यायी औषध यांबद्दल तिच्याशी आणि आमच्याशीही बोला. लग्न ठरलं म्हणून गोळी बंद करणाऱ्या आईला गोळी बंद केली तर काय होईल, हे तुमच्या तोंडून ऐकायचं असतं. आमचं ती तितकं मानत नाही.

२२ जुलैला जागतिक मेंदू दिन असतो, १७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन. त्या दिवशी तुमच्या संघटनांची भित्तिपत्रकं येतात ती बहुतेक इंग्रजीत. आमच्या भिंतीवर ती लागतात आणि कुणी वाचत नाही. मराठीत करा. गोंडी आणि माडियातही करा. मजकूर आम्ही तपासून देऊ.

प्रतिबंधाचंही असंच आहे. कोबीतला किडा डोक्यात जातो म्हणून लोकांनी कोबी सोडला, पण हात धुणं आणि संडास वापरणं सुरू केलं नाही. फितकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि भाज्यांवर येतात. ती पोटात गेली की डुकराचं मांस कधीही न खाणाऱ्यालाही मेंदूत गाठी होतात आणि फिट येते. जिथे हा कृमी पसरलेला आहे तिथे अपस्माराच्या दहापैकी तीन रुग्णांच्या मुळाशी तो असतो. बाळंतपणात बाळाचा श्वास कोंडणं आणि डोक्याला लागलेला मार, हीही टाळता येणारी कारणं आहेत. हे तुम्ही वर्तमानपत्रात लिहिलंत तर लोक मानतील.

सहावी तक्रार धोरणाबद्दल आहे.

मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अपस्मार आणि इतर मेंदूविकारांसाठी २०३१पर्यंतचा कृती आराखडा मंजूर केला. भारत त्या परिषदेचा सदस्य आहे. २०३१पर्यंत ८० टक्के देशांत या विकारांची अत्यावश्यक औषधं आणि प्राथमिक साधनं पहिल्या पातळीवरच्या दवाखान्यात मिळावीत आणि अपस्माराच्या सेवा २०२१च्या तुलनेत दीडपट लोकांपर्यंत जाव्यात, असं त्यात लिहिलं आहे. आपल्याकडे आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत मानसिक आणि मेंदूविकारांची काळजी २०२०पासून आहे. कागदावर सगळं आहे. पण महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्हींचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. अपस्मार, कंपवात, स्मृतिभ्रंश हे घरी राहून, रोज गोळ्या घेऊन, वर्षानुवर्षं सांभाळायचे आजार. त्यांचा खर्च ओपीडीचा आणि मेडिकलच्या दुकानाचा. झटके थांबेनात म्हणून अतिदक्षता विभागात दाखल झालं तर योजना मिळते, झटके येऊच नयेत म्हणून लागणाऱ्या गोळीला मिळत नाही. कंपवाताच्या रुग्णाला लेव्होडोपा मिळालं तर तो स्वतःच्या हाताने जेवतो, आणि ते आमच्या औषधकोठीत नसतं. या मुद्द्यावर तुमच्या संघटनांनी एकमुखाने सरकारकडे निवेदन दिल्याचं आमच्या कानावर आलेलं नाही. दिलं असेल तर त्याचा पाठपुरावा करा. दिलं नसेल तर याच वर्षी द्या.

तुमच्याही अडचणी आम्हाला दिसतात. एकेका ओपीडीत शंभराच्या वर रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरला प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलणं जमत नाही. सरकारी रुग्णालयांत न्यूरॉलॉजीची पदं मोजकी, त्यातली काही रिकामी. काही बरंवाईट झालं की नातेवाईक अंगावर येतात, कोर्टकचेरी होते. हे सगळं ठाऊक असूनही लिहिते आहे, कारण माझ्या मागण्यांपैकी एकीलाही इमारत लागत नाही की मोठं यंत्र लागत नाही.

मागण्या अशा आहेत. रुग्ण परत पाठवताना मराठीत पाच ओळींची चिठ्ठी द्या आणि औषध मूळ नावाने लिहा. तुमच्या प्रत्येक विभागीय शाखेने दोन-तीन जिल्हे दत्तक घ्या आणि तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना अपस्मार, पक्षाघात, डोकेदुखी, कंपवात आणि स्मृतिभ्रंश एवढ्या पाच आजारांचं प्रशिक्षण द्या. शिकवून झाल्यावर महिन्यातून एकदा ई-संजीवनीवर किंवा साध्या व्हिडिओ कॉलवर आमच्या अवघड केसेस ऐका. अपस्माराचे साधे रुग्ण आम्ही बघू शकतो, असं लेखी मार्गदर्शन तुमच्या संघटनेच्या नावाने काढा, म्हणजे आमच्या वरिष्ठांना आणि रुग्णांना आमच्यावर भरवसा ठेवता येईल. पक्षाघातासाठी जिल्हा रुग्णालयाच्या फिजिशियनच्या पाठीशी चोवीस तास कुणीतरी फोनवर राहील अशी पाळी लावा. आणि ओपीडीतल्या औषधांना योजनेत जागा मिळावी म्हणून सरकारदरबारी तुमचं वजन वापरा.

आमच्या बाजूने शब्द देते. तुम्ही शिकवाल ते आम्ही करू. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवू, गोळी चुकली तर आशाताई घरी जाईल, बिघडलं तर वेळेत तुमच्याकडे पाठवू. म्हणजे तुमच्या ओपीडीतली साध्या रुग्णांची गर्दी कमी होईल आणि ज्यांना खरोखर तुमचीच गरज आहे, ज्यांचे झटके दोन औषधांनीही थांबत नाहीत, ज्यांना शस्त्रक्रिया लागेल, त्यांना तुमचा पुरेसा वेळ मिळेल.

रुग्ण आमच्या दारात आहेत, गोळ्या स्वस्त आहेत, काम करायची आमची तयारी आहे. शिकवणारे तेवढे कमी पडताहेत, आणि ते तुम्हीच आहात. या वर्षी एका जिल्ह्यापासून सुरुवात करा. आमच्या जिल्ह्यापासून केलीत तर प्रशिक्षणाची जागा, राहण्याची सोय आणि पहिल्या रांगेत बसणारे डॉक्टर यांची जबाबदारी माझी.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एका प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी,
पूर्व विदर्भ